टाकाऊतून टिकाऊ कुंड्या : आधी भोक, मग रंग

बालमित्रांनो, चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने आहेत, असे आपण परिसर अभ्यासात पाठ करतो. पण झाडांना पंचांग वाचता येत नाही. ती फाल्गुनातच तयारीला लागतात. आपल्या मुरबाड तालुक्यात होळीच्या आधीच पळस फुलतो. झाडावर एकही पान नसते आणि सगळ्या फांद्या केशरी होतात. आंब्याला मोहर येतो. सावर लाल होते. असे दिवस आले की आपल्यालाही वाटते, आपल्या दारात काहीतरी फुलावे.

कार्यानुभवाच्या तासाला गुरुजींनी आपल्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा विषय दिला होता. बहुतेकांनी आगपेटीची गाडी केली. मी कुंडी केली. कुंडी करताना माझी एक मोठी चूक झाली होती. ती चूक आधी सांगते आणि मग कुंड्या कशा करायच्या ते सांगते. म्हणजे तुमची तीच चूक होणार नाही.

आजीची तुळस

माझी आजी, म्हणजे आईची आई, आपल्या शेजारच्या गावात राहायची. तिच्या अंगणात तुळशीवृंदावन होते, अबोली होती आणि झेंडू होता. मागच्या वर्षी तिचे गुडघे फारच दुखायला लागले. मग मामा तिला मुंबईला मुलुंडला घेऊन गेला. मामाची खोली पाचव्या मजल्यावर आहे. तिथे अंगण नाही. एक लहान गॅलरी आहे आणि तिला लोखंडी ग्रिल आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर मुलुंडला गेले. आजी गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि खाली रस्त्याकडे बघायची. ती मला म्हणाली, “बाय, इथं समदं हाय, पण माती नाय.” तुळशीचे लग्न जवळ आले होते. मामाने गावच्या वृंदावनातले एक लहान रोप पिशवीत घालून आणले होते. ते लावायला कुंडी नव्हती. मी म्हटलं, मी करते!

मामीकडे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता. दाराला लावलेला लाल ऑइलपेंट थोडा उरला होता. मी डबा लाल रंगवला. त्यावर पिवळी फुले काढली. वर फुटक्या बांगड्यांचे तुकडे आणि टिकल्या चिकटवल्या. डबा इतका छान झाला की शेजारच्या काकू बघायला आल्या. मामाने मोबाइलवर फोटो काढला. त्या डब्यात तुळस लावली आणि तिचे लग्न झाले. सगळ्यांनी डबा पाहिला. डब्याचा तळ कोणीच पाहिला नाही.

मार्गशीर्ष महिन्यात मामीचा आईला फोन आला. तुळशीची पाने काळी पडली आणि एक दिवस रोप आडवे झाले. मामीने डबा उलटा केला तेव्हा त्यातून काळे पाणी पडले आणि वास आला. आजीने मामीला सांगितले होते, “पोरीला सांगू नको, तिला वाईट वाटंल.” पण मी आईच्या शेजारीच बसले होते. मला सगळे ऐकू आले. मी रडले. मी डब्याला भोकच पाडले नव्हते.

दोन डब्यांचा प्रयोग

मी गुरुजींना विचारले, “गुरुजी, पाण्याशिवाय झाड मरते हे आम्हाला माहीत आहे. पण पाण्याने झाड कसे मरेल?” गुरुजींनी लगेच उत्तर दिले नाही. ते म्हणाले, “प्रयोग करून बघू या.”

आपल्या शाळेच्या परसबागेत झेंडूची रोपे होती. जानेवारी महिन्यात आम्ही चौथीच्या मुलांनी एकसारखे दोन डबे घेतले. एकाच्या तळाला पाच भोके पाडली. दुसऱ्याला एकही पाडले नाही. दोन्हींत सारखी माती भरली. दोन्हींत वीतभर उंचीचे एकेक रोप लावले. रोज सकाळी दोघांनाही एकेक तांब्या पाणी घातले. दोन्ही डबे एकाच उन्हात ठेवले. आम्ही वहीत अशी नोंद ठेवली :

पहिला दिवस : दोन्ही रोपे सारखी.

तिसरा दिवस : भोकाच्या डब्यातून पाणी खाली गळते. बिनभोकाच्या डब्यात मातीवर पाणी साचलेले दिसते.

सहावा दिवस : बिनभोकाच्या रोपाची खालची पाने पिवळी.

नववा दिवस : बिनभोकाचे रोप माना टाकते. माती ओली आहे तरी रोप तहानलेले दिसते.

बारावा दिवस : बिनभोकाचे रोप आडवे. भोकाच्या रोपाला दोन कळ्या.

मग गुरुजींनी दोन्ही रोपे मुळासकट काढून दाखवली. भोकाच्या डब्यातली मुळे पांढरी आणि ताठ होती. बिनभोकाची मुळे तपकिरी आणि मऊ झाली होती. बोटात धरली की त्यांची साल निघत होती.

गुरुजींनी कारण सांगितले. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक जागा असतात. त्या जागांत हवा असते. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. पाणी साचले की त्या सगळ्या जागा पाण्याने भरतात. मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभे असूनही झाड तहानेने मरते.

गुरुजींनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : आधी भोक, मग रंग. तेच मी या लेखाचे नाव ठेवले आहे.

मुलुंडचा प्रवास

यंदा होळीला जोडून शनिवार-रविवार आला. मी आईला म्हटलं, मला आजीची कुंडी पुन्हा करायची आहे. आधी आम्ही आजीच्या बंद घरी गेलो. अंगणात कोणी पाणी घालायला नव्हते. वृंदावनातली तुळस वाळून नुसती काडी झाली होती. मला वाटलं, आता संपलं. एक तुळस पाण्यात बुडाली आणि दुसरी पाण्यावाचून वाळली. पण आई म्हणाली, “नीट बघ.” वाळलेल्या काडीवर मंजिऱ्या होत्या. मंजिरी तळहातावर चोळली की तिच्यातून बारीक काळे-तपकिरी बी पडते. ते मोहरीपेक्षाही लहान असते. आम्ही ते कागदाच्या पुडीत बांधले. अबोलीची एक बाजू अजून हिरवी होती. तिचे एक रोप मुळासकट काढले. एका गोणीत अंगणातली माती आणि वाळलेले शेणखत भरले. वाटेत पळसाची खाली पडलेली फुले गोळा केली.

मुरबाडहून एस.टी.ने कल्याणला गेलो. तिथून लोकल पकडली. ठाणे स्टेशन गेले की पुढचे स्टेशन मुलुंड. गुरुजींनी नकाशात दाखवले होते, की मुलुंडपासून मुंबई उपनगर जिल्हा सुरू होतो. तो १९९० साली वेगळा जिल्हा झाला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी त्याच जिल्ह्यात आहेत. गंमत म्हणजे त्या जिल्ह्याला आपल्यासारखी जिल्हा परिषद नाही. तिथे मुंबई महानगरपालिका आहे.

मामाच्या इमारतीच्या जिन्यातल्या खिडकीतून डोंगर दिसतो. मामा म्हणाला, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. उद्यानाचे मोठे दार पलीकडे बोरिवलीला आहे. त्या जंगलातही या दिवसांत पळस आणि पांगारा फुलतो. पण राष्ट्रीय उद्यानातले फूल किंवा रोप कोणी आणायचे नाही, असा कायदा आहे.

एक दिवस आम्ही घाटकोपरला मावशीकडे बसने गेलो. पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला विक्रोळी ते घाटकोपर कितीतरी झाडे गुलाबी झाली होती. त्यांना बसंत राणी म्हणतात. हे झाड मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले आहे. आपल्या पळसासारखेच तेही आधी पाने गाळते आणि मग फुलते. म्हणून पान दिसत नाही, नुसते फूल दिसते. मला उतरून फुले वेचायची होती. पण मावशीकडे पोचल्यावर मामा म्हणाला, “त्या रस्त्यावर गाड्या थांबत नाहीत. तिथलं फूल डोळ्यांनी घ्यायचं.”

आता आपण कुंड्या करू या. मी आजीसाठी तीन कुंड्या आणि एक फुलांची थाळी केली.

कुंडी पहिली : पत्र्याचा डबा (तुळशीसाठी)

साहित्य : रिकामा डबा, चार इंची खिळा, हातोडी, पांढरा किंवा पिवळा ऑइलपेंट, गोणपाटाचा तुकडा, सुतळी, मडक्याच्या खापऱ्या, दोन विटांचे तुकडे.

कृती : डबा साबणाने धुऊन वाळवावा. मग तो पालथा घालावा. मोठ्या माणसाकडून तळाला सहा भोके पाडून घ्यावीत. पत्र्याची कड हाताला कापते, म्हणून हे काम आपण करू नये. मी डबा धरलासुद्धा नाही, मामाने पायात धरला. मग डबा फक्त बाहेरून रंगवावा. आतून रंगवू नये. रंग दोन दिवस वाळू द्यावा.

मागच्या वेळी मी लाल रंग दिला होता. या वेळी पांढरा दिला. कारण चैत्रात पत्रा तापतो. गडद रंग उन्हात जास्त तापतो आणि फिका रंग कमी तापतो. डब्याला हात लावून बघा, कळेल. मातीच तापली तर मुळे भाजतात. म्हणून मी डब्याच्या पोटाला गोणपाट गुंडाळले आणि वरून सुतळीचे पाच वेढे दिले. सुतळीला मामीच्या जुन्या साडीची जरीची काठ लावली. हे दिसायलाही छान दिसते आणि डबा थंडही राहतो.

भोकांवर खापऱ्या पालथ्या ठेवाव्यात. म्हणजे माती वाहून जात नाही पण पाणी जाते. डबा विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवावा. तो फरशीला चिकटून बसला तर भोके बंद होतात. मग भोक असून नसल्यासारखे.

माती अशी करावी : दोन वाट्या माती, एक वाटी चाळलेले शेणखत, एक वाटी वाळू किंवा नारळाचा बारीक काथ्या. डबा मोठा असेल तर वाटीऐवजी घमेले घ्यावे, पण प्रमाण तेच ठेवावे. उंच इमारतीत काथ्या बरा, कारण तो हलका असतो.

तुळशीचे बी फार बारीक असते. ते चिमूटभर कोरड्या मातीत मिसळून वर भुरभुरावे. खोल पुरू नये. वरून तांब्याने पाणी ओतू नये, बी वाहून जाते. हाताने शिंपडावे.

गोणीतली माती काढली तेव्हा आजी खुर्चीवरून उठून आली. तिने मूठभर माती घेतली, दाबली आणि वास घेतला. म्हणाली, “ही आपल्या आंगणातली.” मी तिला सांगितले नव्हते तरी तिला कळले. मग तिने स्वतः बी भुरभुरले.

कुंडी दुसरी : तडा गेलेला माठ (अबोलीसाठी)

साहित्य : तडा गेलेला किंवा तोंड फुटलेला माठ, गेरू, पांढरा रंग, थोडा फेविकॉल, बांबूची काडी.

कृती : माठाला हातोडीने ठोकू नये, तो फुटतो. माठ रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा. सकाळी खिळ्याचे टोक तळाला टेकवून गोल गोल हळूहळू फिरवावे. वेळ लागतो, पण भोक पडते. आम्हाला अर्धा तास लागला. दादाने मध्येच घाई केली तेव्हा आजीने त्याला गप्प बसवले.

माठाला ऑइलपेंट देऊ नये. का, ते सांगते. उन्हाळ्यात माठातले पाणी थंड होते, कारण माठाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते आणि उडून जाते. कुंडी झाल्यावर त्याच छिद्रांतून मुळांना थोडी हवा मिळते. ऑइलपेंटने ती बुजतात. गेरूने तितकी बुजत नाहीत. गेरू चाळून पाण्यात कालवावा. गॅलरीत पाणी उडते म्हणून त्यात चमचाभर फेविकॉल घालावा. पूर्ण माठ गेरूने सारवून वाळवावा.

त्यावर मी वारली चित्रे काढली. वारली लोक गेरूच्या किंवा मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रे काढतात. बांबूची काडी चावून तिच्या टोकाचा कुंचला करतात. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर काढली आणि ती जगभर पोचली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ते २०१८ साली वारले. मुंबई उपनगरातसुद्धा गोरेगावजवळच्या आरेमध्ये वारल्यांचे पाडे आहेत.

वारली माणूस काढणे सोपे आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढावेत. वरच्याचे टोक खाली आणि खालच्याचे टोक वर. वर एक गोल डोके. रेघांचे हातपाय. असे माणूस हाताला हात धरून माठाभोवती काढले की तारपा नाच होतो. मी चौदा माणसे काढली. जागा उरली तिथे आजीचे घर, वृंदावन आणि एक कोंबडी काढली. तांदळाचे पीठ पाण्याने धुऊन जाते, म्हणून मी पांढऱ्या रंगात फेविकॉल घातला.

माठात अबोली लावली. गॅलरीला ऊन किती येते ते आम्ही खडूने फरशीवर खूण करून पाहिले. सकाळी ८ ते ११ ऊन येते, पुढे सावली. अबोलीला एवढे पुरते. अबोलीची आणखी एक गंमत आहे. तिची वाळलेली बोंडे ओली झाली की फटकन फुटतात आणि बी दूर उडते. वाळके बोंड पाण्यात टाकून करून पाहा. डोळे मात्र लांब ठेवा.

कुंडी तिसरी : नारळाची करवंटी (चिनी गुलाबासाठी)

साहित्य : करवंटीचा डोळ्यांचा अर्धा भाग, खिळा, सुंभ.

कृती : नारळाला तीन डोळे असतात. त्यातले दोन कठीण आणि एक मऊ असतो. नारळाचा कोंब त्या मऊ डोळ्यातूनच बाहेर येतो. करवंटीचा डोळ्यांचा भाग घ्यावा आणि मऊ डोळा खिळ्याने मोकळा करावा. झाले भोक! ही एकच कुंडी अशी आहे की तिला देवानेच भोकाची जागा करून दिली आहे. रंगाचीही गरज नाही. विटेच्या तुकड्याने घासली आणि खोबरेल तेलाचे बोट फिरवले की करवंटी चमकते.

सुंभाची जाळी करून तिच्यात करवंटी बसवावी. जाळी तीन ठिकाणी बांधावी. करवंटी नेहमी ग्रिलच्या आत टांगावी, बाहेर कधीच टांगू नये. पाचव्या मजल्यावरून लहान करवंटी पडली तरी खालच्या माणसाचे डोके फुटेल. कठड्यावरही कुंडी ठेवू नये.

यात चिनी गुलाब लावावा. मावशीने घाटकोपरहून त्याच्या काड्या दिल्या. बोटाएवढी काडी तोडावी, खालची पाने काढावीत आणि मातीत खोचावी. ती लागते. त्याची फुले ऊन आले की उघडतात आणि दुपारनंतर मिटतात. म्हणून काही लोक त्याला ऑफिस टाइम म्हणतात. मामा म्हणाला, “मी ऑफिसला निघतो आणि हे ऑफिस उघडतं.”

फुलांची थाळी

ही सर्वांत सोपी. एक पसरट थाळी किंवा परात घ्यावी. तिच्यात दोन बोटे पाणी घालावे. झाडाखाली पडलेली फुले वेचून आणावीत, झाडावरची तोडू नयेत. मी मधे गावची पळसाची केशरी फुले ठेवली. त्यांच्याभोवती इमारतीच्या आवारात पडलेली बोगनवेलीची गुलाबी फुले लावली आणि कडेला आंब्याची पाने. दादाला मी एक गोष्ट सांगितली, ती त्याला माहीत नव्हती. पळसाची फुले गरम पाण्यात भिजवली की पिवळा-केशरी रंग निघतो. मग आम्ही उरलेली फुले रात्री गरम पाण्यात टाकली आणि धुळवडीला तोच रंग खेळलो. तो डोळ्यांत गेला तरी फार झोंबला नाही.

थाळीतले पाणी रोज बदलावे. दोन दिवसांनी फुले काढून कुंडीतल्या मातीवर टाकावीत. त्यांचे खत होते.

डासांची शाळा भरवू नका

मामीने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. त्यांच्या शेजारी एका मुलाला डेंग्यू झाला होता. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी त्याला फार आवडते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ताटल्या, थाळ्या, बादल्या रिकाम्या करून कोरड्या ठेवाव्यात. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही बरेच दिवस जिवंत राहतात. म्हणून कड काथ्याने घासावी. महानगरपालिकेची माणसेही घरोघरी येऊन अशा ताटल्या तपासतात. मामाकडे आता रविवार हा कोरडा दिवस ठरला आहे. आपल्या गावातही रांजण आणि जुने टायर असतात. तिथेही हेच करावे.

पाणी किती घालावे?

रोज एक तांब्या असा नियम करू नये. मातीत बोट खुपसावे. दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. बोटाला ओल लागली तर थांबावे. बी पेरलेल्या डब्यात मात्र वरची माती सुकू देऊ नये, थोडे थोडे शिंपडावे. मी आजीला हे सांगितले. ती हसली आणि म्हणाली, “बाय, तुझा लाल डबा लय देखणा व्हता. पण तुळशीला पवता येत नाय.” सगळे हसले. मीही हसले. पण मला थोडे वाईटही वाटले. मी म्हटलं, “आजी, मला तेव्हाच का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “मीबी तळ नव्हता बघितला गं. रोज उठून पाणी मीच घालत व्हते.”

तो लाल डबा आजीने टाकला नव्हता. धुऊन ठेवला होता. मामाने त्यालाही सहा भोके पाडली. तो पुढच्या रोपासाठी तयार आहे.

आम्ही परत आलो त्याला बारा दिवस झाले. काल मामीने मोबाइलवर पांढरा डबा दाखवला. मातीवर हिरवे ठिपके दिसत होते. आजीने चष्मा लावून मोजले. अकरा आहेत. प्रत्येकाला दोनच पाने आहेत. आजी म्हणाली, चार चार पाने आली की एक रोप लाल डब्यात लावीन आणि एक शेजारच्या काकूंना देईन. उरलेल्यांतली दोन मामा सुट्टीत गावी आणणार आहे. एक आजीच्या वृंदावनात आणि एक आपल्या शाळेच्या परसबागेत लावायचे. वृंदावनाला पाणी कोण घालणार, असे मामाने विचारले. मी म्हटलं, दर आठवड्याला दोनदा मी जाईन. आईने होकार दिला आहे.

मित्रांनो, कुंडी सजवायला पैसे लागत नाहीत. डबा, माठ, करवंटी हे सगळे घरात असते. पण सजावट आपल्या डोळ्यांसाठी असते आणि भोक झाडासाठी असते. आधी झाडाचे बघावे.

स्वाध्याय

१. रोपाला भरपूर पाणी असूनही ते कोमेजले. असे का झाले असेल?

२. माठाला ऑइलपेंट का देऊ नये?

३. चैत्रातल्या उन्हात पत्र्याच्या डब्याला कोणता रंग बरा? का?

४. डेंग्यूच्या डासाची अंडी काढायला नुसते पाणी ओतून का भागत नाही?

उपक्रम : तुमच्या घरातल्या आणि शेजारच्या घरातल्या कुंड्या मोजा. किती कुंड्यांना भोक आहे, किती कुंड्यांना नाही, ते वहीत लिहून आणा. ज्यांना नाही त्यांना मोठ्या माणसांकडून भोक पाडून घ्या. आपण सगळ्यांची बेरीज शनिवारी फळ्यावर करू या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी